पोट्टा म्हणू नये

१२ मे २०११

कुरडयांत कोंबडीचा पाय!

नखांसकट. सकाळी गच्चीवर कुरडया घातल्या, दुपारी उलटायला गेले तर मधोमध हा. काम कावळ्याचं. पण कावळ्याला मिळाला कुठे? वरच्या बिऱ्हाडाच्या खिडकीत! तिथे जाळीखाली परातभर पाय वाळत होते.

चेतनाला खाली बोलावलं. ती आणि तिचा नवरा यशदीप दोन वर्षं माझे भाडेकरू आहेत. तो रेल्वेच्या वर्कशॉपात. आजवर एक तक्रार नाही. तिला पाचवा महिना, कठडा धरून उतरली. ते दिसलं, तरी बोलायचं ते बोललेच.

“हे काय आहे?”

“वाळवण आहे, काकू.”

“वाळवण कुरडयांचं असतं!”

“हे कुत्र्यांसाठी आहे.”

सगळ्या कुरडया कावळ्यांना घातल्या. एवढे गहू भिजवले, एवढा चीक काढला!

१३ मे

रागात झोपले आणि उठले ती प्रश्न घेऊन. वर गेले.

चेतना अन्नशास्त्र शिकलेली आहे हे माहीत होतं. अभनपूरला शेड घेऊन कुत्र्यांची बिस्किटं करते, हे माहीत नव्हतं. रोज वेळेवर जाते, वेळेवर येते – मी समजत होते, शाळेत शिकवते!

म्हणाली, “काकू, कोंबडी कापली की लोक मांडी नेतात, छाती नेतात. बाकी सगळं नाल्यात. ताजं असतं, प्रथिनं तीच असतात. मान, पंजे –”

“यादी नको,” मी म्हटलं. “तत्त्व सांग.”

तत्त्व असं. कुत्र्याला मांस लागतं. कंपन्यांचं खाणं कुठून कुठून येतं, महाग पडतं. आणि इथे चांगली वस्तू नाल्यात जाते. ती धुवायची, उकडायची, हाडांसकट बारीक दळायची, कनकीत मळायची – म्हणजे राईस मिलमधली तुटकी कणी, तीही उरलेलीच – आणि भट्टीत भाजायची.

“यासाठी एकही कोंबडी जास्त कापावी लागत नाही, काकू. एकही नाही.”

मी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. पण वाया घालवणं मला मांस खाण्याहून जास्त खटकतं, हेही खरं.

खिडकीत वाळवायचं नाही, एवढं बजावून खाली आले. ते पाय म्हणे फक्त उन्हात कसे वाळतात हे बघायला आणले होते. उत्तम वाळतात, मी पाहिलं!

१९ मे

इन्स्पेक्टरला दोन बिस्किटं घातली. इन्स्पेक्टर म्हणजे गल्लीतला कुत्रा. कोणाचाच नाही. रोज एकेक फाटक तपासत जातो म्हणून हे नाव. माझी दूध-पोळी तो उपकार केल्यासारखी खातो. आज बिस्किटं संपवली आणि माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं.

राग आला. इतकी वर्षं पोळ्या कोणी घातल्या?

४ जून

चेतना समता कॉलोनीत डॉ. अनंतरावांकडे जाऊन आली. जनावरांचा दवाखाना, बाहेरच्या खोलीत विक्रीचं कपाट. राजधानी झाल्यापासून रायपुरात दोन गोष्टी वाढल्या – चौक आणि लॅब्राडोर. जो साहेब बदलून आला त्याला बंगला मिळाला, ज्याला बंगला मिळाला त्याने कुत्रा घेतला. आणि सगळे कुत्रे याच दवाखान्यात.

डॉक्टर म्हणाले, पावसाळाभर माल देत राहा. बुरशी आली नाही आणि पुरवठ्यात खंड पडला नाही, तर दिवाळीपासून कपाट तुमचं. एकदा जरी खंड पडला तर मी कंपनीचंच ठेवीन. कुत्र्याचं पोट सारखं बदललेलं खाणं सोसत नाही.

बरोबर बोलले. स्पष्ट बोलणारा माणूस मला आवडतो.

चेतना जिन्यातच बसली. “काकू, ते कपाट मिळालं तर ही फॅक्टरी आहे. नाही मिळालं तर माझा शौक.”

२६ जून

बुरशी!

डब्यात हिरवी मखमल. डॉक्टरांकडे जायच्या आधी सापडली, एवढंच नशीब. चेतना रडायच्या बेताला आली. रडून बुरशी जात नाही. विचारलं, “डब्यात कधी भरलीस?”

“भट्टीतून काढली की लगेच. हवा लागू नये म्हणून.”

“गरम?”

“कोमट.”

अगं बाई! कोमट वाळवण डब्यात! आतल्या आत त्याला घाम येतो. पूर्ण निवू द्यायचं, मग दोन बिस्किटं एकमेकांवर आपटायची. खण् वाजलं तर भरायचं. थप् वाजलं तर परत भट्टीत. हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही, इतकं ते साधं आहे.

तिच्याकडे ओल मोजायचं यंत्र आहे. ते बरोबर सांगत होतं म्हणे. असेल. यंत्राने कुरडया घातलेल्या नाहीत.

१० जुलै

खण्!

१८ जुलै

चेतनाचा रक्तदाब वाढला. डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणापर्यंत झोपून राहायला सांगितलं. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत!

भिलाईहून तिची सासू आली. मीराबाई. यशदीपचे वडील तिथे स्टील प्लांटमध्ये होते, घर प्लांटच्याच सेक्टरमध्ये. उंच बाई, पदर खोचलेला, आवाज दोन घरं ओलांडून जाणारा. स्वतःला “मी जातो, मी करतो” म्हणतात, वऱ्हाडी रीत. आल्या आल्या जाहीर केलं, “ते कुत्र्याचं बंद कर आता. पोट्टं होऊ दे, मंग पाहू.”

“पोट्टं म्हणू नये,” मी म्हटलं. “बाळ म्हणावं.”

“हव,” त्या म्हणाल्या. “बाळ होऊ दे. मंग पाहू.”

चेतना भिंतीकडे तोंड करून पडली होती. नेहमी उलट बोलणारी मुलगी!

या “मंग”ला तारीख नसते. माझ्या शाळेतल्या किती शिक्षिका त्या “मंग”मध्ये गेल्या. हुशार, चांगल्या. एकही परत आली नाही.

“अभनपूरचं मी बघते,” मी म्हटलं. बोलून गेल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

मीराबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही? तुम्ही तं चातुर्मासात कांदा खात नाही!”

“मला खायचं नाहीये. बघायचंय.”

२० जुलै

छोट्या लाईनच्या, नॅरोगेज गाडीने अभनपूर. गाडी कसली, सायकलवाले ओलांडून जातात! कापराचा रुमाल नाकाला.

शेडमध्ये कामाला दोन बायका, दोघी चोख. नियम सांगितले. कच्च्या मालाला मी हात लावणार नाही. तो मला दाखवायचाही नाही. पण उकळी मी बघणार, भट्टी मी बघणार, खण् मी ऐकणार. टोपी घातल्याशिवाय कोणी आत यायचं नाही – मीही नाही.

दुपारपर्यंत रुमाल खाली आला. नागपूरला बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत याहून भयंकर वास होते. आणि त्यातून शेवटी कुत्र्यालाही खाण्यासारखं काही निघत नसे.

२४ जुलै

चेतनाचा मोबाईल आता माझ्याकडे असतो. सकाळी गुलाबराव. अभनपूरला कोंबडीचं दुकान, माल तेच देतात. मूळ काटोलचे, बोलणं अघळपघळ.

“बाई, शेडची लाईट गेली, फ्रीज बंद. पोटा रायपूरलेच पाठवून राहिलो, तुमच्या घरी.”

“पोट्टा म्हणू नये,” मी म्हटलं. सगळी नोकरी हेच करण्यात गेली, तोंडात बसलंय. “मुलगा म्हणावं.”

“काय म्हणू?”

“मुलगा.”

“याले?”

“का? त्याला काय झालंय?”

“नाही, झालं काही नाही… चांगला ताजा आहे. पण बाई, थंड जागी ठेवजा. नाही तं वास मारते.”

“मग आंघोळ घालून पाठवा!”

“धुऊनच पाठवतो, बाई. दोन पाण्यानं.”

बिचारा पावसातून येणार म्हणून पोहे केले. पंख्याखाली खुर्ची ठेवली. मोरीत साबण काढून ठेवला – बोलले त्यावरून गरज वाटली. टेंपो आला, ड्रायव्हरने पायरीवर थैला ठेवला आणि निघाला.

“मुलगा कुठे आहे?”

“कौन लडका, दीदी? बस ये थैला है.”

थैला वर नेला. मीराबाईंनी उघडला. “अवं बाई! पोटा आहे!”

कोंबडी दाणे दळते ती पोटातली गुठळी. दात नसतात ना तिला. त्या गुठळीला सगळीकडे पोटा म्हणतात, फक्त मला माहीत नव्हतं. त्या दिवशी यादी ऐकून घेतली असती तर?

चेतनाला सगळं सांगितलं. आंघोळीपर्यंत आले आणि ती हसायला लागली. अंथरुणाला खिळल्यापासून पहिल्यांदा. इतकी हसली की मीराबाई धावत आल्या आणि मलाच रागावल्या, “तिले हसवू नका!” मग त्यांनी ऐकलं आणि त्याच हसत भिंतीला टेकून बसल्या.

पोहे तिघींनी खाल्ले.

२५ जुलै

गुलाबरावांचा फोन. “बाई, आज मुलगे भरपूर आहेत. पाठवू?”

मेला!

२ ऑगस्ट

गाडी मध्येच थांबली, रुळांवर म्हशी. वेळ होता म्हणून डबा उघडून बिस्किटं वाजवून पाहत होते. समोरचे गृहस्थ म्हणाले, “खुशबू अच्छी है, दीदी. घर का बना है?”

“हो.”

पुढचं वाक्य तोंडात येईपर्यंत त्यांनी एक उचललं. कुत्र्यांसाठी आहेत हे सांगितलं तेव्हा अर्धं चावून झालं होतं. ते थांबले. विचार केला. उरलेलं अर्धंही खाल्लं.

“नमक कम है.”

घरी येऊन चेतनाला सांगितलं. ती म्हणाली, “काकू, कुत्र्यांना मीठ नकोच असतं. त्यांना सांगायला पाहिजे होतं.”

५ ऑगस्ट

श्रावण. घरात सारखी कोणी ना कोणी बायका – कोणाची सवाष्ण, कोणाचा प्रसाद. त्यांच्यासमोर फोनवर पोटा आणि कलेजी काय बोलायचं? तेव्हा गुलाबरावांचा चावटपणाच सोयीचा पडला. पोटा म्हणजे मुलगा, कलेजी म्हणजे मुलगी. ते विचारतात, “मुलगी आली, काय करू?” माझं वाक्य ठरलेलं: “धुवा आणि बर्फात ठेवा.” तेवढ्यापुरती स्वयंपाकघरात जाते.

१२ ऑगस्ट

शेजारची कौमुदी आली. चहा ठेवला तोच – “ताई, लोकं बोलून राहिले. तुम्ही, या वयात, अन् कोंबड्या! भाडेकरू जरा पाहून ठेवायले पाहिजे होते.”

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. नीट कळलं.

“पाहूनच ठेवलेत,” मी म्हटलं. “तुझ्या पाहून ठेवलेल्यांनी जाताना नळ काढून नेले. आठवतं ना?”

चहा न घेता गेली. साखर वाचली.

२० ऑगस्ट

माल घेऊन स्वतः समता कॉलोनीत गेले. डॉ. अनंतरावांनी एक पुडा मुद्दाम ओल्या भिंतीला टेकवून ठेवला होता! तो माझ्यासमोर उघडला. दोन बिस्किटं आपटली. खण्! दवाखान्यातले सगळे कुत्रे एकदम उठून बसले.

“छान,” डॉक्टर म्हणाले. “आता फक्त सप्टेंबर काढा. खंड नको.”

वर जाऊन सांगितलं. चेतनाने टाळ्या वाजवल्या. मीराबाईंनी नाही.

“बाळ झाल्यावर कोण जाईन तिथं?” त्यांनी विचारलं. “तुम्ही किती दिवस जासान? गाडीतून उतरल्यावर तुमचे गुडघे धरते, मी पाहतो ना खिडकीतून.”

गुडघे खरंच धरतात.

मग माझ्यामागोमाग जिन्यापर्यंत आल्या. आवाज उतरवून म्हणाल्या – आवाज उतरवता येतो हे आज कळलं – “मले दुष्मनी नाही त्या बिस्किटाशी. माह्यापाशी शिलाई मशीन होती. अर्ध्या सेक्टरचे ब्लाऊज मी शिवत होतो. यशदीप झाला तेव्हा झाकून ठेवली. मंग झाकलेलीच रायली. असंच असते, बाई.”

“असतं,” मी म्हटलं. “पण असायला नको.”

“हव,” म्हणाल्या आणि वर गेल्या.

२८ ऑगस्ट

दुपारी वरून आवाज आला. खण्.

चेतना झोपली होती. यशदीप ड्यूटीवर. मग कोण?

१ सप्टेंबर

गणपती बसले. कौमुदी आली, मोदक वळायला बसली. गणपतीपुढे भांडण चालवायचं नसतं. तिच्या मोदकांना कळ्या नीट येत नाहीत, पण बोलले नाही.

मीराबाई खाली येऊन दाराशी उभ्या राहिल्या. “आमच्यात गणपती नसते. पण मोदक चालते.” ताटभर दिले. बाळंतपणाला अजून पंधरवडा आहे, तोवर दोन बॅचा काढून ठेवायच्या. मग काय, ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. डॉक्टरांचं कपाट काही बारशासाठी थांबणार नाही.

३ सप्टेंबर

सकाळी यशदीप आणि मीराबाई चेतनाला घेऊन तपासणीला गेले. नेहमीची तपासणी. मी आरतीच्या तयारीत. गल्लीतल्या सगळ्या बायका जमलेल्या. गुलाबरावांकडे आज पाच किलो कलेजी यायची होती, म्हणून मोबाईल कमरेला खोचून ठेवलेला.

ऐन आरतीत वाजला. टाळ, टाळ्या, घंटा – काही ऐकू येईना. स्वयंपाकघरात जायला वाट नाही. तिथेच उचलला. दुरून कोणीतरी ओरडलं, “बाई, मुलगी आली! अडीच किलो!”

“अडीचच?” मी ओरडले. “पाच सांगितली होती!”

“…काय?”

“धुतली का?”

“हव, धुतली…”

“मग बर्फात ठेवा! मी दुपारी येऊन बघते.”

आरती थांबली. कौमुदीचा टाळ हवेत. सगळ्या माझ्याकडे बघताहेत. आणि त्या शांततेत फोनमधून, दोन घरं ओलांडून जाणारा तो आवाज –

“बर्फात काहून ठेवू? काय बोलून राहिल्या तुम्ही! तुम्हाले आवडत नाही म्हणून मुलगी म्हणून राहिलो, बाई! पोट्टी झाली, पोट्टी! आपल्या चेतनाले!”

माझ्या हातातली निरांजनाची थाळी कौमुदीने वेळेवर धरली.

“पोट्टी झाली!” मी ओरडले. “पोट्टी झाली, पोट्टी!” गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असणार, कारण इन्स्पेक्टर भुंकत आला.

कौमुदी म्हणाली, “ताई – पोट्टी? तुम्ही?”

“हो, पोट्टी! मोदक घे.”

४ सप्टेंबर

दवाखाना. काल तपासणीत रक्तदाब फार चढलेला दिसला, तिथल्या तिथे सिझेरियन केलं. दोघी ठीक. पोरगी लवकर आली, पण आवाज आजीचा.

चेतनाचं पहिलं वाक्य, “काकू, उद्याची बॅच?”

मी तोंड उघडलं. मी जाते, असं म्हणणार होते. तोच मीराबाईंनी बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. पदर खोचला.

“अभनपूरले उद्यापासून मी जातो. तुम्ही पोट्टी पाहा.”

“गरम भरायचं नाही,” मी म्हटलं.

“मालूम आहे. खण्.”

पोट्टी हा शब्द मी दुरुस्त केला नाही.